नजरकैदेत किडन्या गेल्या, तरी डायलिसिसवर राहून जेपींनी सरकार पाडलं

मार्च १९७९. लोकसभेचं कामकाज सुरू होतं. पंतप्रधान मोरारजी देसाई उभे राहिले आणि जयप्रकाश नारायण गेल्याची बातमी त्यांनी सभागृहाला दिली. श्रद्धांजली वाहिली गेली. सभागृह तहकूब झालं. रेडिओवरचे नेहमीचे कार्यक्रम थांबले, शाळा सुटल्या, दुकानांची शटरं खाली आली.

आणि जेपी?

जेपी मुंबईत पेडर रोडवरच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये होते. जिवंत.

काही आठवड्यांनी त्यांना हा घोळ सांगितला, तेव्हा ते नुसते हसले म्हणे. पण एवढी मोठी चूक झालीच कशी? तर बातमी येणार, असं सगळ्यांनी मनातून धरलेलंच होतं. जेपी तीन वर्षांहून जास्त काळ डायलिसिसवर होते. वय ७६. शुगर होती, हार्टचा त्रास होता.

जेपी म्हटलं की आपल्याला संपूर्ण क्रांती आठवते, आणीबाणी आठवते. पण त्या सगळ्या राजकारणाच्या मागे एक किडनीचा पेशंट होता. दर एक-दोन दिवसांनी मशीनला जोडून घ्यायचं आणि मधल्या वेळात देश चालवायचा, असं त्याचं आयुष्य होतं. त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, सिताबदियारा गावातला. १९२२ ला ते शिकायला अमेरिकेत गेले आणि मिळेल ते काम करत सात वर्षं तिथं शिकले. परत आले ते मार्क्सवादी होऊन. महाराष्ट्राशी त्यांचं नातं जुळलं ते नाशिकच्या जेलमध्ये. १९३२-३३ च्या सुमाराला तिथं अच्युत पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अशोक मेहता, मिनू मसानी असे सगळे एकत्र होते. १९३४ ला निघालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्या बराकीतल्या चर्चांमध्ये शिजली.

१९४२ च्या दिवाळीत त्यांनी हजारीबाग जेलची भिंत ओलांडली. पुढं पकडले गेले तेव्हा लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा भयंकर छळ झाला. स्वातंत्र्यानंतर मंत्रिपदाकडं पाठ फिरवून हा माणूस विनोबांच्या भूदानात गेला. १९७३ ला पत्नी प्रभावतीदेवी कॅन्सरने गेल्या. त्यानंतर जेपी आतून एकटे पडले, असं त्यांच्या जवळच्यांनी सांगून ठेवलंय.

१९७४ ला बिहारच्या पोरांनी आंदोलनाचं नेतृत्व करायला बोलावलं, तेव्हा जेपी सत्तरी पार केलेले होते. त्याच वर्षी वेल्लोरला त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन करून आले आणि ५ जूनला पाटण्याच्या गांधी मैदानात त्यांनी संपूर्ण क्रांतीची घोषणा केली.

पुढचं वर्ष तुम्हाला माहितीय. २५ जून १९७५ ला रामलीला मैदानावर सभा झाली आणि त्या रात्री आणीबाणी लागली. पहाटे दिल्लीतल्या गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये झोपलेल्या जेपींना उठवून अटक केली. आधी हरियाणातल्या सोहन्याला, तिथून दिल्लीच्या एम्समध्ये आणि १ जुलैला चंदीगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्यांना नेण्यात आलं.

म्हणजे जेपींची नजरकैद हॉस्पिटलमध्येच होती. आजूबाजूला डॉक्टर, औषधं, लॅब सगळं होतं. नव्हतं ते माणूस. बोलायला कुणी नाही, भेटायला मोजके लोक. त्या काळात त्यांनी डायरी लिहिली. ती नंतर अ. भि. शहांनी संपादित करून पुस्तकरूपात आणली.

सप्टेंबरच्या शेवटी तब्येत बिघडायला लागली. पोटात दुखणं, अंगावर सूज, थकवा, रक्त कमी. नोव्हेंबरपर्यंत अवस्था अशी झाली की त्यांच्या भावाने इंदिरा गांधींना पत्र लिहून, ते फार दिवस काढणार नाहीत अशी भीती घातली. चंदीगडचे जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांच्यावर जेपींच्या कैदेची जबाबदारी होती. त्यांनीही सुटकेसाठी वर रेटा लावला. शेवटी १२ नोव्हेंबरला पॅरोलचा आदेश निघाला.

चंदीगडहून दिल्ली, दिल्लीहून २२ नोव्हेंबरला मुंबई. जसलोकमध्ये तपासण्या झाल्या आणि निदान आलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आता त्या परत सुरू होणार नव्हत्या.

इथं एक योगायोग सांगायला पाहिजे. जसलोक हे नाव सेठ लोकूमल चनराय आणि त्यांच्या पत्नी जसोतीबाई यांच्या नावांवरून पडलं. त्याचं उद्घाटन जुलै १९७३ मध्ये झालं होतं आणि उद्घाटन करणाऱ्या पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी.

किडन्या मुद्दाम तर खराब केल्या नाहीत ना, असा संशय पुढं स्वतः जेपींनीही बोलून दाखवला. तो कधी निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरी दृष्टीने समजून घ्या. किडनी फार गुपचूप मरते. निम्म्याहून जास्त काम बंद पडलं तरी माणसाला काही जाणवत नाही. सूज, उलट्या, भूक मरणं, दम लागणं हे सगळं बरंच उशिरा येतं. त्यामुळं आधीपासून शुगर असलेल्या सत्तरी पार माणसाच्या किडनीवर बारीक लक्ष ठेवावंच लागतं. ते नीट ठेवलं गेलं का, हा प्रश्न माझ्या मते कटाच्या चर्चेपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे आणि तो कमी विचारला गेला.

आता डायलिसिस म्हणजे नेमकं काय?

किडनी रक्त गाळते, जास्तीचं पाणी आणि युरियासारखी घाण लघवीवाटे काढते. ती बंद पडली की ही घाण रक्तात साचते. डायलिसिसमध्ये रक्त नळीवाटे बाहेर काढतात आणि एका बारीक जाळीच्या फिल्टरमधून फिरवतात. फिल्टरच्या पलीकडून खास तयार केलेलं पाणी वाहत असतं. घाण त्या पाण्यात उतरते, स्वच्छ रक्त परत शरीरात. एका बैठकीला साधारण चार तास आणि शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी. आठवड्यातून दोन-तीन वेळा. आयुष्यभर, किंवा दुसरी किडनी बसेपर्यंत.

आणि मशीनवरून उठलं की झालं, असंही नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते. ते पायात, पोटात आणि शेवटी फुप्फुसात जातं. म्हणून पाणी मापून प्यायचं. मीठ, लोणचं, पापड कमी. केळी, नारळपाणी, संत्री जपून, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदय थेट थांबू शकतं. आजारी माणसाला नारळपाणी घेऊन भेटायला जायची आपली पद्धत या पेशंटच्या बाबतीत धोक्याची ठरते.

आज हे कसं चालतं ते वऱ्हाडातून बघा. समजा पातूरच्या एखाद्या पेशंटला आठवड्यातून तीनदा अकोल्याला डायलिसिसला जायचंय. एका बाजूचं अंतर तीसेक किलोमीटर. सकाळी एसटी धरायची, चार तास मशीनवर, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बसायचं, चक्कर आली तर अजून थांबायचं आणि गळून गेलेल्या अंगाने परत गाडी. वर्षाच्या १५६ खेपा होतात. नऊ हजार किलोमीटरच्या वर प्रवास, तोही फक्त रक्त गाळून घ्यायला. सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

जेपींच्या वेळी तर हे आणखी अवघड होतं. किडनी गेली की रक्त वाढवणारं हार्मोनही बंद होतं. त्यासाठीचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन १९८९ नंतर बाजारात आलं. तोवर पेशंटला बाहेरचं रक्त चढवणं हाच मुख्य मार्ग होता. भारतात डायलिसिस सुरू होऊन तेव्हा जेमतेम १५ वर्षं झाली होती आणि मशीनं मोठ्या शहरांतल्या मोजक्या हॉस्पिटलांत होती.

जेपींवर उपचार करणारे डॉक्टर होते एम. के. मणी, जसलोकचे किडनीतज्ज्ञ. पेशंट थोडा सावरल्यावर प्रश्न आला की त्यांनी कायम मुंबईतच राहायचं का? मुंबईत रामनाथ गोएंकांनी त्यांना एक्सप्रेस टॉवर्समधल्या आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. पण जेपींना पाटण्याला जायचं होतं आणि पाटण्याला जायचं तर स्वतःचं डायलिसिस मशीन लागणार होतं.

पैसे कुठून आणायचे? जेपींकडं संपत्ती नव्हती. मग लोकांनी वर्गणी सुरू केली. आणीबाणी चालू होती, जेपींचं नाव घेणंसुद्धा धोक्याचं होतं, तरी माणसं छोट्या छोट्या रकमा देत होती.

याच वेळी इंदिरा गांधींकडून ९० हजार रुपयांचा चेक आला. पंतप्रधान मदतनिधीतून.

जेपींच्या माणसांत यावरून वाद झाला. कुणी म्हणालं ठेवून घ्या, कुणी म्हणालं अजिबात नको. शेवटी जून १९७६ मध्ये जेपींनी तो चेक परत केला. सामान्य माणसांनी दिलेल्या पैशांत मशीनचं भागत होतं. निधीतला पैसा दुसऱ्या गरजूला उपयोगी पडेल, असा त्यांचा सूर होता. त्यात कडवटपणा नव्हता. ज्या सरकारच्या कैदेत किडन्या गेल्या, त्याच सरकारचा चेक इतक्या शांतपणे परत करणं मला तरी जमलं नसतं.

मशीन आलं आणि जुलैमध्ये जेपी पाटण्याला गेले. कदमकुआँमधल्या घरी डायलिसिस व्हायला लागलं. त्याआधी मे महिन्यात मुंबईतूनच त्यांनी विरोधकांच्या एका पक्षाची घोषणा करून टाकली होती.

जानेवारी १९७७ मध्ये अचानक निवडणुका जाहीर झाल्या. जेपींच्या प्रचाराचं वेळापत्रक पक्षाने नाही, डायलिसिसने ठरवलं. आज मशीन, उद्या सभा, परवा परत मशीन. जिथं मुक्काम तिथं किंवा जवळ डायलिसिसची सोय हवी. ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानात सभा होती. गर्दी कमी व्हावी म्हणून दूरदर्शनने त्या दिवशी बॉबी पिक्चर लावला, हा किस्सा प्रसिद्धच आहे. पिक्चर हरला, मैदान भरलं.

मार्चमध्ये काँग्रेस पडली. २४ मार्चला राजघाटावर जेपींनी जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली आणि नंतर ते इंदिरा गांधींच्या घरी गेले. सत्ता गेलेल्या बाईची, मित्राच्या पोरीची चौकशी करायला. कमला नेहरू आणि प्रभावतीदेवी घट्ट मैत्रिणी होत्या. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात.

मे १९७७ मध्ये त्यांना उपचारांसाठी अमेरिकेतल्या सिएटलला नेलं. डायलिसिसच्या जगात सिएटल म्हणजे पंढरपूरच. पूर्वी प्रत्येक डायलिसिसला नवी रक्तवाहिनी कापावी लागायची, त्यामुळं पेशंट थोडेच दिवस टिकायचे. १९६० ला तिथल्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि डायलिसिस वर्षानुवर्षं करणं शक्य झालं. पण मशीनं कमी, पेशंट जास्त. मग कुणाला मशीन द्यायचं हे ठरवायला शहरातल्या सामान्य नागरिकांची समिती नेमली. नोकरी, लेकरंबाळं, स्वभाव बघून कोण जगणार हे ती ठरवायची. अमेरिकेत यावर मोठा वाद झाला आणि १९७२ ला तिथल्या सरकारने खर्चाची जबाबदारी घेणारा कायदा केला.

आपल्याकडं प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ ला जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. म्हणजे मशीनचा खर्च बराचसा सुटतो. एसटी, मजुरी आणि घरची ओढाताण उरतेच.

जेपींचे शेवटचे महिने दुःखात गेले. जनता पक्ष त्यांच्या डोळ्यांसमोर भांडून फुटला आणि जुलै १९७९ ला मोरारजींचं सरकार गेलं. ८ ऑक्टोबरला पाटण्यात जेपी गेले. ७७ व्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते. बातमी यावेळी खरी होती.

डॉक्टर मणी पुढं चेन्नईला गेले. देशातल्या सगळ्या पेशंटना डायलिसिस पुरवणं परवडणार नाही, हे ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. मग त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टतर्फे चेन्नईजवळच्या खेड्यांत काम उभं केलं. गावातल्याच मुलींना शिकवून घरोघर पाठवलं. बीपी मोजायचं, लघवीत प्रोटीन आणि साखर आहे का ते साध्या केमिकलने तपासायचं. बीपी किंवा शुगर सापडली की स्वस्तातल्या जुन्या गोळ्या सुरू करायच्या आणि पेशंट त्या रोज घेतोय ना, हे बघायला परत त्याच्या दारात जायचं.