शाळा चालविणाऱ्यांचे गुरुजी : कै. जे. पी. नाईक

सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला की आपले बोलणे दोन गोष्टींवर येऊन थांबते. एक घटती पटसंख्या आणि दुसरी सरकारी अनास्था. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिसरी एक गोष्ट आपल्या बोलण्यात क्वचितच येते. शाळा चालविणारा माणूस कसा असावा? मुख्याध्यापकाने, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने आणि शाळा समितीने नेमके काय करावे? या प्रश्नासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, ते कै. जे. पी. नाईक आपल्या शेजारच्याच मुलखातले. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या गावोगावच्या शाळा समित्यांना व्हावी, यासाठी हा लेख.

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात बहिरेवाडी नावाचे खेडे आहे. तेथे 5 सप्टेंबर 1907 रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे ते जयंत पांडुरंग नाईक या नावाने ओळखले जाऊ लागले. घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकून त्यांनी गणितातील पदवी मिळविली. पुढे मानाची नोकरी मिळणे अवघड नव्हते. परंतु 1930 साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि हा तरुण तिच्यात उतरला. त्यात त्यांना तुरुंगवासही घडला.

सुटकेनंतर ते शहरात न जाता धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. आरोग्य, स्वच्छता, शाळा अशी मिळतील ती कामे त्यांनी अंगावर घेतली. मराठी मुलखातून आलेल्या या माणसाने कन्नड खेड्यात राहून, तेथील माणसांत मिसळून काम केले, हे आपण सीमावासीयांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या भाषेवर प्रेम करणारा माणूस शेजारच्या भाषेशी वैर धरीत नाही. पुढील आयुष्यात त्यांनी देशाच्या शिक्षणाचा विचार केला, तेव्हा त्यांच्यासमोर खेड्यातील शाळा होती, ती या दिवसांमुळेच.

1940 च्या दशकात कोल्हापूर संस्थानच्या विकासकार्यात त्यांनी भाग घेतला. 1943 साली सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. पुढे तो शिक्षक-प्रशिक्षणाच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. 1948 साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे डॉ. व्ही. टी. पाटील यांच्या पुढाकाराने भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे उभ्या राहिलेल्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते. शिक्षण आणि ग्रामविकास ही दोन कामे वेगळी नाहीत, हे तेथे त्यांनी कृतीतून दाखविले. या सगळ्या वाटचालीत त्यांच्या पत्नी, शिक्षणतज्ज्ञ डॉ. चित्रा नाईक यांची साथ मोठी होती.

1959 च्या सुमारास ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून दिल्लीस गेले. अधिकाराचे पद मिळाले, पण राहणी खेड्यातल्या कार्यकर्त्याचीच राहिली. 1964 साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. 1966 साली सादर झालेल्या अहवालात त्यांच्या परिश्रमाचा वाटा फार मोठा होता. 1968 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याच अहवालातून आले. उच्च शिक्षणही प्रादेशिक भाषांतून द्यावे, अशी शिफारस आयोगाने केली होती.

या अहवालातील शाळांच्या कारभाराविषयीचा विचार आपल्याला आजही उपयोगी आहे. खेड्यातील शाळा एकटी पडते, हे नाईकांनी पाहिले होते. यावर आयोगाने शाळा संकुलाचा उपाय सुचविला. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी एकत्र यावे, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वाटून वापराव्यात, शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे आणि त्यांचा मेळ माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाने घालावा, अशी ती कल्पना. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा पुढे आणली आहे.

दुसरी कल्पना संस्थात्मक नियोजनाची. नाईकांनी तिचा हिरिरीने प्रचार केला. योजना केवळ दिल्लीत किंवा राजधानीत होऊन भागत नाही. प्रत्येक शाळेने आपली योजना आपण करावी, असे ते सांगत. हाताशी जे आहे त्याचा जास्तीत जास्त उपयोग कसा होईल, हे आधी पाहावे आणि मागण्यांची यादी नंतर करावी. अधिकाऱ्यानेही केवळ चुका न काढता शिक्षकाला मदत करावी, ही तपासणीची नवी दृष्टी अहवालात होती. हुकूम सोडणे सोपे असते. शिक्षकाशेजारी बसून त्याची अडचण समजून घेणे अवघड असते. नेतृत्वाची खरी परीक्षा तेथेच होते.

1969 साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव होते. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1976 साली भारतीय शिक्षण संस्था पुण्यास आली आणि दिवसा कामामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या खेड्यातील मुलांसाठी तिने अनौपचारिक शिक्षणाचे प्रयोग केले. अखेरच्या वर्षांत नाईकांनी स्वतःच्याच आयोगाचा हिशेब मांडला. कोणत्या शिफारशी कागदावर राहिल्या आणि का राहिल्या, याची चिकित्सा करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. आपल्या कामाची अशी तपासणी करणारे अधिकारी विरळाच! 30 ऑगस्ट 1981 रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षक आणि समिती सदस्य या नात्याने मला वाटते, त्यांचे स्मरण आपण कामाने करावे. शाळा सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा समितीने दोन तास एकत्र बसावे. कोणत्या घरची मुले नियमित येत नाहीत, कोणत्या मुलाला वाचता येत नाही, कपाटातील पुस्तके मुलांच्या हाती कधी पडणार, शेजारच्या हायस्कूलची प्रयोगशाळा महिन्यातून एकदा मिळेल काय, हे लिहून काढावे आणि प्रत्येक कामापुढे एकाचे नाव घालावे. याला अनुदान लागत नाही. रिकाम्या जागा भरण्यासाठी आणि मराठीतून कागदपत्रे मिळण्यासाठी आपण अर्ज, निवेदने देतच राहू. तो आपला हक्क आहे. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत वर्गातील मुलाचे वर्ष थांबून राहत नाही. ते वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.