गोठा रिकामा असताना

आजचं वाचन : हबक्कूक ३:१६-१९



हबक्कूकचा हा शेवटचा भाग आपल्याकडे उपकारस्तुतीच्या सभेत हमखास वाचला जातो. पण बहुतेक वेळा सतराव्या वचनापासून. सोळावं सुटतं. त्या सोळाव्या वचनात संदेष्टा थरथरतोय, त्याचे ओठ कापताहेत, अंगात त्राण उरलेलं नाही. आणि मग तलाठी पंचनामा करतो तशी तो यादी करतो : अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक गेलं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा नोंदी, सहाही रिकाम्या. एवढं सगळं लिहून झाल्यावर तो देवाच्या ठायी हर्ष करायचं ठरवतो. का ते सांगत नाही. त्यातली एकही वस्तू त्याला परत मिळालेली नाही.

२०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्यानंतर काही आठवड्यांनी इकडे रत्नागिरीत मोजक्या लोकांची एक घरगुती प्रार्थना होती. साक्षींची वेळ आली तेव्हा एका भावाने सांगितलं की पाणी त्यांच्या पायरीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, प्रभूचे आभार. सगळे आमेन म्हणाले. मागे एक ताई बसल्या होत्या, त्यांच्या घरात माळ्यापर्यंत चिखल होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या भावाने आभार मानले ते योग्यच होतं. पण ज्यांच्या पायरीवर पाणी थांबलं नाही त्यांनी कोणत्या तोंडाने उपकारस्तुती करायची, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याकडे आहे. हबक्कूक मला त्या ताईंच्या शेजारी बसलेला दिसतो. आपल्या मराठी मंडळीत त्यांच्या शेजारी बसू शकेल असं आणखी एक नाव आहे : पंडिता रमाबाई.

रमाबाई शाळेच्या पुस्तकात चार ओळींत येतात. स्त्रीशिक्षण, शारदासदन, मुक्तिसदन, संपलं. चर्चमध्ये येतात त्या बहुतेक १९०५ च्या संजीवनामुळे. दोन्हीकडे त्यांची भूक सुटते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. आई लक्ष्मीबाई तेच संस्कृत पुढे मुलीला शिकवायच्या. नंतर घर असं राहिलंच नाही. तीर्थक्षेत्री जायचं, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचं, श्रोते जे देतील त्यावर जगायचं. रमाबाईंचं बालपण चालण्यात गेलं आणि हजारो श्लोक पाठ झाले.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यातल्या त्या मोठ्या दुष्काळाचा कळस १८७६-७७ मध्ये झाला, पण टंचाई त्याच्या तीनेक वर्षं आधीपासून होती. दक्षिण भारतात आणि आपल्या दख्खनमध्ये मिळून पन्नास लाखांहून जास्त माणसं त्यात गेली. पुराण ऐकून शिधा देणाऱ्यांच्याच घरी शिधा नव्हता. डोंगऱ्यांनी आधी दागिने विकले, मग चांगले कपडे, मग तांब्यापितळेची भांडी. मजुरी करणं जातीच्या मानात बसत नव्हतं आणि भीक मागायला जीभ वळत नव्हती. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर शिंदीची फळं एवढ्यावर काढले. वडील म्हातारे, डोळ्यांनी अधू. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, म्हणजे खाणारं एक तोंड कमी. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे झाला की मी मजुरी करतो, मान गेला तर जाऊ दे. वडील तरीही वाचले नाहीत. काही आठवड्यांत आईही गेली. तिची तिरडी उचलायला माणसं पुरी पडेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदा द्यायचं ठरवलं. पण त्या ठेंगण्या होत्या, खांदा पोचेना. मग त्यांनी आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीण गेली.

इथे थोडं थांबा. पुढची सगळी मोठी कामं ह्या मुलीने केली आहेत, जिने आईची तिरडी डोक्यावरून नेली.

भाऊ आणि बहीण दोघंच उरले. दोघं हजारो मैल चालले, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, १८८२ च्या सुरुवातीला पतीला पटकीने नेलं. तेविसाव्या वर्षी पदरात तान्ही मुलगी आणि माहेरचं कोणीही नाही. हे सगळं मी भरभर सांगतोय कारण त्यांच्या आयुष्यातही ते तसंच भरभर झालं.

ख्रिस्ताची पहिली ओळख सिलचरला झाली, नवऱ्याच्या पुस्तकांत सापडलेल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बंगाली प्रतीतून. पुढे इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या भगिनींकडे २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांना त्या भगिनी ज्या मायेने सांभाळत, ते बघून आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून त्यांचं मन वळलं. पण हेही सांगितलं पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांना ते लागू पडतं : आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, असं त्यांनी नंतर स्वतःच मान्य केलं. तो भेटला ते १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. आठ वर्षं! आपण तर एका युवा शिबिरानंतर रिझल्ट मागतो.

दरम्यान ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन सुरू झालं होतं. आम्हा रत्नागिरीकरांना इथे जरा कॉलर ताठ करायला जागा आहे. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी आमच्या देवरुखची, गोदूबाई जोशी. तिचं पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे, सगळ्यांची बाया, झाली. ती हिंदूच राहिली. त्या लग्नापायी कर्व्यांवर त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला होता, तेही आमच्याच जिल्ह्यात. सदन पुण्याला गेल्यावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठं वादळ उठलं. पालकांनी मुली काढून नेल्या, जुने पाठीराखे दूर झाले. त्या वादात कोण किती बरोबर यावर अजूनही लोक भांडतात, मी त्यात आज शिरत नाही.

आणि मग १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ. या वेळी मध्य प्रांतात. विसेक वर्षांपूर्वीचं सगळं रमाबाईंना आठवलं. सदनाचा खर्च अमेरिकेतल्या मंडळाच्या मदतीवर चालला होता, दहा वर्षांची मुदत संपत आली होती, जागा भरलेली होती. त्या तरी निघाल्या. तिकडे सरकारी अनाथगृहांतून आणि छावण्यांतून फिरल्या. उपाशी मुलींना भाकरीच्या तुकड्यासाठी नासवणारी माणसं आजूबाजूला टपलेली त्यांनी पाहिली. जवळजवळ तीनशे मुली आणि बाया त्यांनी आणल्या.

आणल्या कुठे, तर प्लेगच्या पुण्यात. गर्दी करू नका असे हुकूम होते. तेव्हा उपयोगी पडली ती केडगावची जमीन. पुण्याहून दौंडच्या वाटेवर. रमाबाईंनी ती दोनेक वर्षं आधी घेतली होती. कशासाठी? फळबागेसाठी. अमेरिकेची मदत थांबल्यावर फळांच्या उत्पन्नावर शाळा चालेल असा हिशेब होता. आता हबक्कूक परत वाचा. झाडांना फळ धरायच्या आधी तिथे मुली आल्या. तंबू ठोकले, गवताची छपरं टाकली. कित्येक मुली पोचेपर्यंत इतक्या खंगल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. उरलेल्यांना आंघोळीपासून शिकवावं लागलं.

पुण्यात दौंड लाइनवर राहणारे माझे मित्र केडगाव स्टेशन रोज ओलांडतात. रविवारी एकदा उतरून बघा. मुक्ती मिशन अजून चालू आहे.

त्याच १८९७ सालात त्यांनी एक गोष्ट केली, ती मला उपकारस्तुतीइतकीच महत्त्वाची वाटते. प्लेगच्या सरकारी छावण्यांत आणि दवाखान्यात बायकामुलींची काय दशा होते, यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती लोकांचं, त्यांना मदत करणारेही इंग्रज, तरी लिहिलं. गव्हर्नरांनी ते आरोप खोडून काढले, रमाबाई मागे हटल्या नाहीत. गोखल्यांनी विलायतेत तो विषय मांडला तेव्हा त्यांच्या पत्राचा आधार घेतला. देवाचे आभार मानणाऱ्या बाईने माणसांना जाब विचारायचा नाही, असं त्यांच्या कुठल्या शास्त्रात नव्हतं. आपल्याकडे मात्र पुरानंतर कोणी धरणाच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारला की लगेच त्याच्या विश्वासावर शंका येते.

१८९९-१९०० ला गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावचा आकडा दोन हजारांच्या जवळ गेला. मी सर्व्हरच्या क्षमतेचे हिशेब करून पोट भरतो, त्यामुळे हा आकडा मला झोपू देत नाही. दोन हजार माणसं, दिवसातून दोनदा जेवण, अवर्षणाच्या साली, पाणी विहिरींचं, हातात ठरलेलं उत्पन्न नाही. सगळ्यांची तयारी करून मग सुरुवात केली असती तर सुरुवात झालीच नसती. मुली स्वतः कामाला लागल्या : शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, माग, शिवण, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल आलं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं.

आता माझा मूळ प्रश्न. रमाबाई आपल्या भुकेबद्दल कधी गप्प बसल्या नाहीत. तिरुपतीचं रान, आईची तिरडी, सगळं त्यांनी १८९७ मध्ये लिहून छापलं. आईबापांचं मरण ही देवाची योजना होती आणि म्हणून ते बरं झालं, अशी बेरीज-वजाबाकी मला त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. आपण वाचलो आणि ती वाचली नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांची उपकारस्तुती त्या वाचण्याचं काय करायचं यात होती. आई गेली त्या वयाची एखादी बाई, स्वतः होत्या त्या वयाची एखादी मुलगी समोर आली की तिला बैलगाडीत बसवायचं, आगगाडीत बसवायचं, केडगावला आणायचं. पौल थेस्सलनीकाकरांना जे लिहितो तेही नीट वाचा (१ थेस्स. ५:१८). आभार सर्व स्थितींत मानायला सांगितलेत. प्रत्येक स्थितीबद्दल मानायला सांगितलेलं नाही. त्या ताईंना हे कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं, पण खूप दिवसांनी, फोनवर. त्या म्हणाल्या, बरं वाटलं, आणि विषय बदलून घराच्या प्लास्टरबद्दल बोलू लागल्या. आम्ही तेच बोललो.

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरात घालवली. आधीचं मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना जड जातं असं त्यांना वाटे, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत नवं करायला घेतलं. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती एक, हाताखाली तयार झालेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापून पूर्ण झालेलं बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं आणि खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळात आलेल्या मुलींचे हात होते. हबक्कूकचं पान कधीतरी त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी समोर आलं असेल. रिकाम्या गोठ्याची अक्षरं एकेक करून तिने उचलली असतील, आणि त्यांच्या खालच्या ओळीचीही.

उद्याचं वाचन : सफन्या, अध्याय १