नेत्रवैद्य डॉ. गामा पिंटो

गोमंतकांतील बार्देश प्रांतांत साळगांव नांवाचें गांव आहे. तेथें शेतांच्या मधोमध उभें असलेलें देवमातेचें शुभ्र देऊळ ज्यांनीं एकदां पाहिलें त्यांना तें विसरतां यावयाचें नाहीं. तें देऊळ १८७३ सालीं उघडलें, तेव्हां आमचे चरित्रनायक वीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म त्याच गांवीं १८५३ सालीं झाला. त्यांचें संपूर्ण नांव बरेंच लांबलचक आहे; आपण त्यांस डॉ. गामा पिंटो एवढेंच म्हणूं.

दुसरबीडच्या स्मरणिकेंत इतक्या दूरच्या पुरुषाची कथा कां, अशी शंका वाचकांस येईल. आपल्या सिंदखेडराजा तालुक्यांत सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले कीं डोळ्यांत कूस गेलेला एखादा तरी माणूस माझ्या दारीं येतो. त्याअगोदर त्यानें तें कूस शेजाऱ्याकडून जिभेनें काढविण्याचा प्रयत्न केलेला असतो, आणि डोळा लालभडक झालेला असतो. म्हणून ही कथा.

डॉ. गामा पिंटो वैद्यकीय विद्येसाठीं लिस्बन शहरीं गेले. पुढें नेत्रविद्येचा विशेष अभ्यास करण्याच्या हेतूनें ते जर्मनींत हायडेलबर्ग येथें प्रोफेसर ओटो बेकर ह्यांच्या हाताखालीं राहिले. बेकर हे त्या काळचे मोठे अधिकारी पुरुष. डोळ्यांतील नैसर्गिक भिंग निरोगी असतां कसें असतें व रोगी झालें म्हणजे त्यांत काय पालट होतो, ह्यावर त्यांचा ग्रंथ १८८३ सालीं निघाला. मोतीबिंदू म्हणजे तें भिंगच गढूळ होणें होय. डोळ्यावर बाहेरून सारा येतो ही आपल्याकडील समजूत चुकीची आहे.

त्याच हायडेलबर्गमध्यें १८८४ च्या सप्टेंबरांत नेत्रवैद्यांची परिषद भरली होती. कार्ल कोलर नांवाच्या व्हिएन्नाच्या तरुण डॉक्टरानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करण्याची युक्ति शोधून काढली होती. परंतु त्या बिचाऱ्यापाशीं प्रवासखर्चास पैसे नव्हते. तेव्हां ब्रेटाउअर नांवाच्या दुसऱ्या एका वैद्यानें त्याचा लेख वाचून तो प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखविला. तोंपर्यंत क्लोरोफॉर्म न दिलेल्या रोग्यास हातांनीं घट्ट धरून शस्त्र चालवावें लागे. आज आपले म्हातारे सकाळीं मोतीबिंदूचें ऑपरेशन करवून सायंकाळीं घरीं परततात, त्याचा आरंभ त्या परिषदेंत आहे.

डॉ. गामा पिंटो ह्यांचें स्वतःचें मन विशेष रमलें तें सूक्ष्मदर्शक यंत्राशीं. लहान मुलांच्या डोळ्याच्या अंतःपटलास एक प्रकारची घातक गांठ होते. बाहुलींतून मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी झांक दिसूं लागते. आईबापांना ती प्रथम गमतीची वाटते. गांठ मज्जातंतूच्या वाटेनें मेंदूकडे सरकली तर मूल वांचणें कठीण. असे डोळे पातळ कापून, त्यांतील पेशी न्याहाळून त्यांनीं १८८६ सालीं जर्मन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. कोंकणी घरांत वाढून, पोर्तुगीज शाळेंत शिकून जर्मन पंडितांपुढें जर्मनींत ग्रंथ ठेवणें ही साधी गोष्ट नव्हे. (आम्हांस सेमिनरींत लॅटिनचीं रूपें पाठ करतांना घाम फुटत असे, तें आठवतें.) ज्यांच्या घरीं तान्हें मूल आहे त्यांनीं ह्या पांढऱ्या झांकेचें वर्णन ध्यानांत ठेवावें. फोटोंत ती पुष्कळदां आधीं दिसते, आणि आज वेळींच उपचार झाल्यास बहुतेक मुलें वांचतात.

हायडेलबर्गसारख्या विद्यापीठाचा सहवास सोडून ते लिस्बनला परतले. तेथें १८८९ सालीं सरकारनें नेत्ररोगांची स्वतंत्र संस्था स्थापून तिचा कारभार त्यांच्या हातीं दिला. रोग्यांवर उपचार आणि डॉक्टरांस शिक्षण हीं दोन्ही कार्यें एकाच छपराखालीं चालावीं, ही त्या संस्थेची योजना होती. पोर्तुगालांत नेत्रविद्या ही स्वतंत्र शाखा म्हणून रुजली ती त्यांच्यामुळें, असें मानण्यांत येतें. माझ्या मतें त्यांचा ग्रंथ मोठा, पण ही संस्था अधिक मोठी. ग्रंथ शंभर विद्वान वाचतील. शिकविलेला डॉक्टर मात्र आपल्या गांवीं जाऊन बसतो.

ह्या ठिकाणीं घरची एक गोष्ट सांगतों. माझ्या मातोश्रींच्या उजव्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हां तो पिकूं द्यावा म्हणून आम्ही सर्व थांबलों. मीही थांबलों. डॉ. गामा पिंटोंच्या काळीं हा सल्ला योग्यच होता. कच्चें भिंग पूर्ण निघत नसे, मागें राहिलेला अंश त्रास देई. आतांची रीत निराळी आहे, पिकण्याची वाट पाहावी लागत नाहीं. उलट फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यांतील दाब वाढवितो, आणि त्यानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मातोश्रींचा तो डोळा तसाच गेला. शंभर वर्षांपूर्वींचें शास्त्र आमच्या ओटीवर येऊन पोंचलें होतें. त्यानंतरचें यावयाचें राहिलें होतें. पुढें डाव्या डोळ्याच्या वेळीं आम्ही थांबलों नाहीं, व त्या डोळ्यानें त्यांनीं अखेरपर्यंत जपमाळेचे मणी मोजले, तांदूळ निवडले.

डॉ. गामा पिंटो ह्यांना दीर्घायुष्य लाभलें. नव्वदी ओलांडल्यावर १९४५ सालीं त्यांचें देहावसान झालें. लिस्बनमधील त्यांच्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.