पडद्यावरून रंगमंचावर : दुर्गाबाई खोटे



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात प्रत्येकीने काहीतरी लिहिलेच पाहिजे, असा अध्यक्षबाईंचा हुकूम झाला. माझी शाळा सातवीत सुटली. घरचा हिशेब आणि किराणा सामानाची यादी यांपलीकडे लेखणी फारशी गेली नाही. परंतु यंदा सांगण्याजोगे एक आहे, म्हणून धीर केला.

मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण छोटीशी नाटिका बसवली होती, ती आपल्याला आठवत असेलच. तीत माझी अवघी चार वाक्ये होती. त्यांतले तिसरे ऐन वेळी गेले ते गेलेच! आतून शब्द सांगत होते, पण मला काही ऐकू येईना. समोर शेजारणी, त्यांची मुले आणि पहिल्या रांगेत आमच्या सासूबाई. घरी आल्याबरोबर मी जाहीर केले की, या वयात हे सोंग आता पुन्हा नको.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकट्या जाऊबाईंनी वाचनालयातून एक पुस्तक आणले. ते होते दुर्गाबाई खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र. दुर्गाबाई मला ठाऊक होत्या त्या सिनेमातल्या. ‘मुगल-ए-आझम’मधली मुलगा आणि पती यांच्या कात्रीत सापडलेली जोधाबाई आणि ‘बॉबी’मधली प्रेमळ आजी, एवढीच माझी ओळख. याच बाईंनी प्रेक्षकांसमोर उभे राहून मोठमोठी नाटके केली, हे मला तेव्हा प्रथम कळले. मग त्यांच्याविषयी मिळेल तेथून वाचले. त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवते.

दुर्गाबाईंचा जन्म मुंबईचा, 14 जानेवारी 1905 चा. म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. माहेर लाडांचे, सुखवस्तू. कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. मुलींच्या हाती पाटी देण्याचीही अनेक घरांत तयारी नव्हती, असा तो काळ. लग्न होऊन त्या खोट्यांच्या श्रीमंत घरी आल्या. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले. पण सासरचे वैभव ओसरले. ज्या घरात नोकरचाकर राबत, त्या घरच्या सुनेवर शिकवण्या करून पैसे मिळवण्याची पाळी आली. ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्याला आले. दोन मुलांना वाढवायचे तर हातपाय हलवल्यावाचून गत्यंतर नव्हते.

अशा स्थितीत 1931 साली त्यांनी ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक लहानशी भूमिका केली. चित्रपट सामान्य निघाला आणि बाईंच्या पदरी मात्र निंदा आली. चांगल्या घरातली सून सिनेमात गेली, एवढा एक गुन्हा लोकांना पुरेसा होता! आज आपल्याला याचे हसू येईल. परंतु दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळाची कल्पना येते.

पुढे 19 वर्षांनी, 1932 साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठीत आणि हिंदीत काढला. कथा तीच हरिश्चंद्राची. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गाबाई. एकदा पोळलेल्या बाईने पुन्हा त्याच वाटेने जाणे सोपे नव्हते. पण त्या गेल्या. राज्य गेलेली, दासी म्हणून विकली गेलेली राणी त्यांनी अशी उभी केली की, निंदा करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. घरचे वैभव गेलेले त्यांनी स्वतः पाहिले होते, त्याचा त्या भूमिकेला उपयोग झाला नसेल असे मला तरी वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी मागे पाहिले नाही. ‘माया मच्छिंद्र’, कोलकात्याला जाऊन ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’, 1936 साली ‘अमर ज्योती’, पुढे ‘पायाची दासी’ आणि ‘भरत मिलाप’मधली कैकेयी. त्या काळी नटनट्या एकाच कंपनीच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाईंनी मात्र निरनिराळ्या कंपन्यांत कामे केली. ‘साथी’ हा चित्रपट तर स्वतःच काढला. नाव झाले, मुले मोठी झाली. आता स्वस्थ बसल्या असत्या तरी कोणी बोल लावला नसता.

आणि येथेच मला त्यांचे खरे मोठेपण दिसते. चाळिशीच्या आसपास, पडद्यावर एवढा मान मिळाल्यावर, त्या रंगमंचाकडे वळल्या. प्रथम ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेशी त्यांचा संबंध आला आणि पुढे गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्या काम करू लागल्या.

सिनेमात काम करणारी बाई नाटकात गेली, यात मोठे ते काय, असे आपल्याला वाटेल. मलाही हळदीकुंकवापर्यंत तसेच वाटत होते! पण विचार करून पाहा. चित्रपटात एक तुकडा चुकला तर पुन्हा घेतात. हळू बोलले तरी यंत्र आवाज टिपते. डोळ्यांत पाणी आले की कॅमेरा जवळ येतो. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द स्वतःच्या छातीच्या बळावर पोचवावा लागतो. राग असो की रडू, पडदा पडेपर्यंत सगळे सलग निभवावे लागते. चुकले तर ते समोरच्या माणसांदेखत. शिवाय नाव मोठे असले म्हणजे चूकही मोठी दिसते.

दोन्ही ठिकाणी यश मिळतेच असे नाही, याचा दाखला आपल्या जिल्ह्याच्या संतांशी जोडलेला आहे. रंगभूमीचे राजे बालगंधर्व यांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात पैठणच्या एकनाथ महाराजांची भूमिका केली. नाटकात ज्यांच्यासाठी माणसे रात्र रात्र बसत, ते पडद्यावर काही रमले नाहीत. आपल्या शहरातल्या संत एकनाथ रंगमंदिरात नाटकाला जाते तेव्हा मला हटकून ही गोष्ट आठवते.

दुर्गाबाईंनी भूमिका निवडल्या त्याही सोप्या नव्हेत. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात त्यांनी काम केले. हे तेच नाटक, ज्यावर इंग्रज सरकारने बंदी घातली होती. खाडिलकरांच्याच ‘भाऊबंदकी’मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याचा डाग आनंदीबाईंच्या नावाला कायमचा लागला. तिला प्रेक्षकांनी शिव्याच द्यायच्या. पडद्यावर तारामती आणि सीता म्हणून जिला लोकांनी मनोमन हात जोडले, तिने अशी भूमिका पत्करली.

त्याहून कठीण काम पुढे होते. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वरून वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ लिहिले. 1954 साली साहित्य संघाने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल हे इंग्रज गृहस्थ होते आणि दुर्गाबाईंसमोर होते रंगभूमीवर मुरलेले, दणदणीत आवाजाचे नानासाहेब फाटक. नवऱ्याला राजाचा खून करायला लावणारी आणि पुढे झोपेत चालत हातावरचे न दिसणारे रक्त धूत राहणारी ती स्त्री दुर्गाबाईंनी केली. तेव्हा त्यांचे वय 49 होते. 1958 साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला, तो मराठी रंगभूमीवरच्या अभिनयासाठी.

‘सीता’मध्ये त्यांच्याबरोबर राम झालेले पृथ्वीराज कपूर हेही त्याच वाटेचे. त्यांनी 1944 साली पृथ्वी थिएटर काढले, गावोगाव नाटके केली आणि खेळ संपल्यावर दाराशी झोळी पसरून उभे राहिले. 1960 साली ‘मुगल-ए-आझम’मध्ये अकबर आणि जोधाबाई म्हणून आपण या दोघांना पाहतो. आता तो चित्रपट लागला की मला त्यांच्यामागे नाटकाचा पडदाही दिसतो.

नाटकाचा हा वारसा त्यांच्या घरातही आला. सूनबाई विजया, म्हणजेच पुढे विजया मेहता या नावाने प्रसिद्ध झालेल्या, मराठी रंगभूमीवरच्या थोर दिग्दर्शिका ठरल्या. दुर्गाबाईंनी जाहिरातपट आणि लघुपट काढणारी संस्था चालवली. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची. 1968 साली पद्मश्री आणि 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. मुलगा हरिन मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्या दुःखानंतरही त्यांनी काम सोडले नाही. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, आपण काही दुर्गाबाई नव्हे, हे मला समजते. त्यांच्याजवळ शिक्षण होते, रूप होते, आवाज होता. पण पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कामात नाव मिळाल्यावर, ज्याची सक्ती नव्हती असे अवघड काम त्यांनी उतारवयाकडे झुकताना हाती घेतले आणि ते माणसांसमोर उभे राहून केले. ‘या वयात’ हे शब्द मी ज्या सहजपणे उच्चारले होते, त्यांची मला थोडी लाज वाटली.

यंदाच्या वर्धापनदिनाच्या नाटिकेत सासूचे काम करायला कोणी मिळेना, तेव्हा मी हात वर केला. या वेळी वाक्ये चार नाहीत, बावीस आहेत. कणीक मळताना पाठ करते आणि सासूबाई वही धरून चुका काढतात. त्या म्हणे यंदाही पहिल्याच रांगेत बसणार आहेत. आपणही सर्वजणी अवश्य या.