बाबासाहेब बॅरिस्टर कसे झाले

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव रामजी व आईचे नाव भीमाबाई होते. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे. हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांच्या वकिलीच्या शिक्षणाबद्दल सांगणार आहे. कारण आमच्या आजोबांचा बांधाचा दावा चालू आहे. ते तारखेला जातात, पण कोर्टात काय बोलले ते त्यांना कळतच नाही.

बाबासाहेब अमेरिकेत शिकून १९१६ साली लंडनला गेले. तिथे ग्रेज इन या संस्थेत त्यांनी कायदा शिकायला नाव घातले. पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीत होती. तेव्हा महायुद्ध चालू होते. ती बोट बुडवली गेली. मला ह्याचंच लई वाईट वाटलं.

मग ते मुंबईत प्रोफेसर झाले व पगारातून पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये आपल्या जिल्ह्यात माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. माणगाव हातकणंगले तालुक्यात आहे. बाबासाहेब अध्यक्ष होते. शाहू महाराज स्वतः आले होते. तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला, असे त्यांनी लोकांना सांगितले. महाराजांनी लंडनच्या शिक्षणाला पैशाची मदतही केली.

त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालयात वाचायचे आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. नुसत्या पापडानं पोट कसं भरत असेल! जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पण ६ मे १९२२ ला शाहू महाराज वारले होते. त्यांना हे बघायला मिळालं नाही.

१९२३ साली ते मुंबईला आले. वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. ते नवल भथेना या मित्राने दिले. जातीमुळे त्यांना हायकोर्टात कोणी काम देईना. पण १९२६ साली पुण्यात जेधे, जवळकर व बागडे यांना एका पुस्तकावरून शिक्षा झाली. बाबासाहेबांनी त्यांचे अपील चालवले आणि ते सुटले. मग नाव झालं.

२० मार्च १९२७ रोजी महाडला ते व हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. विरोधकांनी तळे खाजगी आहे म्हणून दावा लावला. आपल्या शाहूवाडीत पाऊस धो धो पडतो, म्हणून पाण्यासाठी कोर्ट हे मला खरंच वाटेना. तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. आमच्या आजोबांनी हे ऐकून फक्त दहा वर्षे का, असं विचारलं.

१९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली व ती पाळणे गुन्हा ठरवला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.