लास्लो पाप : व्यावसायिक रिंगमध्ये न हरलेला, पण सरकारने थांबवलेला बॉक्सर

बॉक्सिंग म्हटलं की आपल्याला आधी मुहम्मद अली आठवतात. 1960 मध्ये रोम ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकून ते त्याच वर्षी व्यावसायिक झाले. त्यांना कोणी अडवलं नाही. हंगेरीच्या लास्लो पाप यांचं नशीब मात्र असं नव्हतं.

पाप यांचा जन्म 1926 चा, बुडापेस्टचा. डावखुरे होते. 1948 मध्ये लंडन, 1952 मध्ये हेलसिंकी आणि 1956 मध्ये मेलबर्न, अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्यांनी जिंकली. बॉक्सिंगमध्ये असं करणारे ते जगातले पहिलेच. मेलबर्नच्या फायनलमध्ये त्यांनी ज्या होजे टोरेस यांना हरवलं, ते पुढे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये विश्वविजेते झाले.

त्या काळी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. लढण्याचे पैसे घेतले की दरवाजा बंद! आणि हंगेरीच्या कम्युनिस्ट सरकारने तर व्यावसायिक बॉक्सिंगच बंद केलं होतं. तरी 1957 मध्ये पाप यांना खास परवानगी मिळाली. वय 31. देशात सोय नाही म्हणून ते व्हिएन्नाला जाऊन तयारी करायचे. 1962 मध्ये ते युरोपचे विजेते झाले. 29 लढती, 27 विजय, 2 बरोबरीत, पराभव एकही नाही.

आता विश्वविजेतेपदाची लढत हाताशी आली होती. तेवढ्यात सरकारने परवानगी काढून घेतली. खेळ तिथेच संपला. त्यांनी पुढे बरीच वर्षं हंगेरीच्या संघाला शिकवलं. 2003 मध्ये त्यांचं निधन झालं. आज बुडापेस्टचं मोठं क्रीडागृह त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

मग व्यावसायिक आणि हौशी बॉक्सरांनी एकत्र खेळावं का? 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपासून तशी मुभा मिळाली. नवख्या पोरांना मार बसेल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली. प्रत्यक्षात तीनच व्यावसायिक आले. त्यात थायलंडचा माजी विश्वविजेता अम्नात रुएनरोएंगही होता, पण पदक एकालाही मिळालं नाही. बारा फेऱ्यांची सवय असलेल्याला तीन फेऱ्यांचा वेगवान खेळ सोपा जात नाही.

तरीही भीती खोटी ठरली असं म्हणता येणार नाही. तिघांवरून काय ठरणार? अनुभवी माणसासमोर कोवळं पोर उभं करायचं तर डॉक्टरी तपासणी आणि अनुभवाचा हिशोब हवाच. पण हा हिशोब जिवाच्या काळजीने व्हावा, पैसे घेतले की नाही यावरून नको. तीन फेऱ्या लढणारे पाप आणि पंधरा फेऱ्या लढणारे पाप हे एकच होते. मेहनतीची कमाई हा त्यांचा हक्क होता, गुन्हा नव्हता. आपल्या मोहल्ल्यातलं एखादं पोर उद्या ग्लोव्हज घालेल, तेव्हा त्याच्या वडीलधाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.