शेक एक्सली
शेक एक्सली (१ एप्रिल १९४९ – ६ एप्रिल १९९४) हे अमेरिकेतील पाणबुडे, लेखक आणि शाळेत गणित शिकविणारे शिक्षक होते. पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये स्कूबा उपकरणांच्या साहाय्याने उतरणे, म्हणजेच गुहा-डायव्हिंग, या क्षेत्रातील सुरक्षा-नियमांची आणि प्रशिक्षणाची घडी बसविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. एक हजार गुहा-बुड्यांची नोंद करणारे ते पहिले पाणबुडे होते. हा टप्पा त्यांनी १९७२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी गाठला. त्यांच्या बुड्यांची एकूण संख्या पुढे चार हजारांवर गेली.

सुरुवात

एक्सली यांनी १९६५ मध्ये डायव्हिंगला प्रारंभ केला आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हर येथे ते प्रथम गुहेत उतरले. उत्तर फ्लोरिडाची भूमी चुनखडीची आहे. पाण्याने तो दगड विरघळून जमिनीखाली मैलोन्‌मैल बोगदे तयार झाले आहेत आणि त्यांतील पाणी निर्मळ झऱ्यांच्या रूपाने वर येते. हे पाणी इतके पारदर्शक असते की वरून पाहणाऱ्याला आत जाणे अगदी सोपे वाटावे. धोका नेमका येथेच असतो. गुहेच्या तळाशी बारीक गाळ साचलेला असतो आणि पायांच्या एका चुकीच्या हालचालीने तो उसळला की क्षणात काहीही दिसेनासे होते. डोक्यावर दगडाचे छत असल्यामुळे थेट पृष्ठभागाकडे जाता येत नाही. आलेल्या वाटेनेच परतावे लागते.

महाविद्यालयीन शिक्षणानंतर एक्सली यांनी फ्लोरिडातील लाइव्ह ओक येथील सुवानी हायस्कूलमध्ये गणिताचे अध्यापन केले. गुहा-डायव्हिंग हा त्यांच्या उपजीविकेचा मुख्य व्यवसाय कधीच नव्हता.

अपघातांचा अभ्यास

१९६० आणि १९७० च्या दशकांत फ्लोरिडातील गुहांमध्ये अनेक पाणबुडे मृत्युमुखी पडले. मृतदेह बाहेर काढण्याच्या कामात एक्सली यांचा वारंवार सहभाग असे. प्रत्येक घटनेत नेमके काय चुकले, याचा त्यांनी पद्धतशीर शोध घेतला. बहुतेक मृत्यूंमागे त्यांना तीनच कारणे आढळली : उघड्या पाण्यापासून अखंड बांधत नेलेली मार्गदर्शक दोरी नसणे, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखून न ठेवणे आणि साध्या हवेवर प्रमाणाबाहेर खोल जाणे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ या छोट्या पुस्तकात त्यांनी प्रत्यक्ष अपघातांच्या हकिकती सांगून त्यांतून एकेक नियम काढून दाखविला. नियम आधी सांगून मग उदाहरण देण्यापेक्षा ही पद्धत अधिक परिणामकारक ठरली. तिच्यात वर्गात शिकविणाऱ्याचा हात दिसतो. पुढील काळात या तीन कारणांत प्रशिक्षणाचा अभाव आणि पुरेशा दिव्यांचा अभाव ही दोन जोडली गेली. आजही हे पाच मुद्दे गुहा-डायव्हिंगच्या पहिल्या पाठातच शिकविले जातात.

प्रशिक्षकाचा प्रश्न

मृतांमध्ये केवळ नवशिके नव्हते, ही या अपघातांतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होती. समुद्रात इतरांना डायव्हिंग शिकविणारे प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकही त्यांत होते. उघड्या पाण्यात अडचण आली तर वर येता येते. त्यामुळे तेथील वर्षानुवर्षांचा अनुभव गुहेत उपयोगी पडेलच असे नाही. उलट त्यातून येणारा आत्मविश्वास घातक ठरू शकतो. म्हणूनच फ्लोरिडातील अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली मृत्यूचे चित्र असलेले इशाऱ्याचे फलक लावलेले आहेत आणि स्कूबा प्रशिक्षकांनीही येथे प्राण गमावल्याचे त्यांवर नमूद केलेले आहे.

एक्सली हे नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटीच्या गुहा-डायव्हिंग विभागाचे पहिले अध्यक्ष होते. अशा संस्थांमुळे गुहेचे प्रशिक्षण सामान्य स्कूबा प्रशिक्षणापासून वेगळे झाले आणि ते देणाऱ्याची पात्रताही वेगळी ठरली. सूर्यप्रकाश दिसत राहील एवढ्याच भागाचा, म्हणजे गुहामुखाचा, अभ्यासक्रम आधी येतो. पूर्ण गुहेचा त्यानंतर, टप्प्याटप्प्याने. दोरी बांधणे, काहीही दिसत नसताना केवळ स्पर्शाने दोरीवरून बाहेर येणे, लांब नळीने जोडीदाराला हवा पुरविणे यांचा सराव विद्यार्थ्याकडून पुनःपुन्हा करून घ्यावा लागतो. साहजिकच जो स्वतः नियमितपणे गुहेत उतरतो आणि तयारी अपुरी असलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र नाकारण्यास कचरत नाही, तोच येथे योग्य प्रशिक्षक ठरतो. अभ्यासक्रम किती दिवसांत पुरा होतो, ही चौकशी त्यामानाने गौण आहे. कोणत्याही पाणबुड्याने, कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही क्षणी बुडी थांबवावी आणि त्याला कोणी जाब विचारू नये, हा संकेतही या प्रशिक्षणाचा भाग आहे. गुरूसमोर शिष्याला हा अधिकार मोकळेपणाने वापरता येतो की नाही, यावरून त्या गुरूची पारख होऊ शकते.

खोलीचे विक्रम आणि मृत्यू

इतरांना मर्यादा शिकविणारे एक्सली स्वतः मात्र खोलीची मर्यादा सतत पुढे नेत होते. साध्या हवेतील नायट्रोजनमुळे खोलवर गुंगी येते. ती टाळण्यासाठी ते हेलियम मिसळलेले वायू वापरत. १९८८ मध्ये मेक्सिकोतील नासिमिएंतो देल मान्ते या झऱ्यात ते सुमारे २३८ मीटर खोल गेले. १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्सगाट येथे त्यांनी सुमारे २६३ मीटर खोली गाठली. तेथे अतिदाबाखालील हेलियममुळे होणारा मज्जासंस्थेचा त्रास त्यांना जाणवला होता. एवढ्या खोलीवर उतरण्यास काही मिनिटे पुरतात. शरीरात विरघळलेले वायू सुरक्षितपणे बाहेर पडावेत म्हणून वर येण्यास मात्र कित्येक तास लागतात.

६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातील एल साकातोन या ३०० मीटरहून अधिक खोल जलविवरात एक्सली आणि जिम बोडेन एकाच वेळी, परंतु वेगवेगळ्या दोऱ्यांवरून उतरले. बोडेन सुमारे २८२ मीटरपर्यंत जाऊन परतले. एक्सली परतले नाहीत. काही दिवसांनी त्यांची दोरी वर ओढताना तिच्यात गुंतलेला त्यांचा मृतदेह हाती आला. त्यांच्या उपकरणावर सुमारे २७६ मीटर खोलीची नोंद होती. मृत्यूचे निश्चित कारण ठरविता आले नाही. मृत्यूसमयी ते ४५ वर्षांचे होते.

त्यांचे ‘केव्हर्न्स मेझरलेस टू मॅन’ हे आत्मकथनपर पुस्तक त्याच वर्षी प्रकाशित झाले.